कोकणात राहून सिव्हिलमध्ये पीएच.डी. : कागद किती आणि पावसाळे किती

चिपळूणजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे : बी.ई. सिव्हिल, एम.ई. जिओटेक्निकलला (माती आणि पायाची शाखा) ५८ टक्के, गेटचा (एम.ई.-पीएच.डी. प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) स्कोअर एम.ई.च्या प्रवेशावेळचा म्हणजे आठ वर्षं जुना, मुलगी तीन वर्षांची, नोकरी सोडणं शक्य नाही. पीएच.डी.ला नेमकं काय लागतं, गेट पुन्हा द्यावी लागेल का, पेपर किती छापावे लागतात आणि विषय कोणता घ्यावा?

मॅडम, तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं नियमांत आहेत आणि एका संध्याकाळी वाचून होतात. चौथ्यात माझी सहा वर्षं गेली. मीही रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी करतच पीएच.डी. केली आणि नंतर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं. त्यामुळे कागदाची बाजू लवकर आटोपतो आणि विषयापाशी जास्त थांबतो.

सध्या विद्यापीठांना लागू असलेले नियम म्हणजे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी काढलेले पीएच.डी. विनियम. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं तर ७५ टक्के लागतात. म्हणजे तुमच्या ५८ टक्क्यांना अडचण नाही. प्रवेशासाठी विद्यापीठाची लेखी परीक्षा, जिला आपल्याकडे सगळे ‘पेट’ म्हणतात, आणि मग मुलाखत. लेखीला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. पेपरात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. ज्यांच्याकडे चालू गेट किंवा नेट आहे त्यांना विद्यापीठ थेट मुलाखतीलाही बोलावू शकतं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे तुमचा संपला. राज्य विद्यापीठात जाणार असाल तर पेट पुरे. आयआयटी-एनआयटीकडे डोळा असेल तर गेट पुन्हा द्या. मात्र ती परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस भरले जातात. आत्ता जानेवारी आहे, या खेपेची गाडी सुटली.

पेटची तयारी करताना संशोधन पद्धतीचा भाग हलक्यात घेऊ नका. आपले सिव्हिलवाले सॉइल मेकॅनिक्सची गणितं धडाधड सोडवतात आणि सॅम्पलिंग, हायपॉथिसिस टेस्टिंग, प्रयोगाची आखणी यांत अडकतात. हाच भाग पुढे प्रबंधात रोज लागतो, तेव्हा परीक्षेपुरता न वाचता नीटच वाचून ठेवा.

नोकरी करून पीएच.डी. करता येते. त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. ही तिसरी ओळ प्राचार्यांकडून आधी लिहून घ्या. तोंडी ‘बघू, करू’ वर विसंबून नोंदणी केलेले माझे दोन सहकारी कोर्सवर्कच्या सत्रातच थांबले, कारण त्याच सत्रात त्यांच्यावर वेळापत्रकाची आणि परीक्षा विभागाची दोन्ही कामं आली. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही. ‘घरबसल्या दीड वर्षात डॉक्टरेट’ असे जे संदेश फिरतात त्यांना फोनसुद्धा करू नका. एवढे कष्ट करून हातात येणारी पदवी नेमणुकीच्या वेळी फेटाळली गेली तर भरपाई कोणी देत नाही.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे सगळी मिळून दहाच्या आत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळून २४० दिवसांपर्यंत मिळू शकते. ही तुमच्या हक्काची तरतूद आहे, ती मागताना संकोच करू नका. मुलगी लहान असताना मुदतवाढ घेणारी संशोधक मागे पडलेली नसते. मी मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत नेटका प्रबंध अशाच एका विद्यार्थिनीचा होता.

पैशांचं थोडक्यात. पूर्णवेळ, गेटमार्गे केंद्रीय संस्थेत गेलात तर विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे, वर नियमानुसार घरभाडं. अर्धवेळाला विद्यावेतन नाही, पगार चालू राहतो. तुमच्या परिस्थितीत अर्धवेळच योग्य. आयआयटी मुंबईतही नोकरीतल्या लोकांसाठी बाह्य नोंदणीचा प्रकार आहे, पण तिथले नियम यूजीसीचे नसून त्यांचे स्वतःचे असतात आणि कोर्सवर्क, पात्रता परीक्षा, वार्षिक प्रगती सेमिनार हे सगळं अंगावर येतं. आपल्या भागातून बघायचं तर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडच्या पुढे महामार्गावरच आहे. मुंबई विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत. सिंधुदुर्गात असणाऱ्यांना फर्मागुडीची आयआयटी गोवा मुंबईहून जवळ. सागरी अभियांत्रिकीकडे ओढा असेल तर सुरतकलचं एनआयटीही कोकण रेल्वेच्याच मार्गावर आहे.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा, आणि एकूण ५५ टक्के आवश्यक. उरलेल्या क्रेडिटमध्ये सोपे विषय निवडण्याचा मोह सगळ्यांना होतो. तुम्ही संख्याशास्त्र घ्या आणि असंपृक्त मृदा यांत्रिकी, म्हणजे अनसॅच्युरेटेड सॉइल मेकॅनिक्स, कुठे शिकवत असतील तर ते घ्या. का, ते पुढे येईलच.

आता मार्गदर्शक. प्राध्यापक एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार विद्यार्थी घेऊ शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा भेटायला जाण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत हे विचारून घ्या. तसं विचारणं उद्धटपणाचं नाही, चांगले प्राध्यापक स्वतःहून सांगतात. पण याहून मोठी तपासणी वेगळी आहे. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत. दोन उघडा. निष्कर्षांचं प्रकरण आधी वाचा आणि मग त्यातला एखादा आकडा पकडून तो कुठल्या प्रयोगातून आला हे मागे शोधत जा. आकड्याचा माग लागत असेल तर ते गाईड विद्यार्थ्याच्या नोंदवहीत डोकावणारे आहेत. माग लागत नसेल तर नाव कितीही मोठं असो, नमस्कार करून परत या.

चिपळूणला राहून पवईला किंवा पुण्याला गाईड असणं अवघड नाही, मी रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परत येत असे. अवघड होतं ते प्रयोगशाळा लांब असणं. त्याचं कारण विषयात आहे.

तुम्ही जिओटेक्निकलच्या आहात आणि परशुराम घाट तुमच्या दारात आहे. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं आणि ८० हून अधिक माणसं गेली. खेड तालुक्यात पोसरे. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूरला इर्शाळवाडी. दर वेळी बातमी येते की अतिवृष्टीमुळे दरड कोसळली. पाऊस तर सगळ्या डोंगरांवर पडला होता. मग एक उतार सुटला आणि शंभर मीटरवरचा तसाच दिसणारा उतार उभा राहिला, असं का? हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजून पूर्ण सुटलेला नाही. पीएच.डी.ला ज्याला ‘संशोधनाची समस्या’ म्हणतात ती अशी असते. ‘कोकणातील भूस्खलनांचा अभ्यास’ हे समस्येचं नाव होऊ शकत नाही, ते एका खात्याचं नाव होईल. ‘अमुक रस्त्याच्या कटिंगमध्ये जांभ्याखालच्या मातीतलं पाणी पावसामागून किती तासांनी चढतं आणि तेव्हा तिची ताकद किती उरते’ ही समस्या झाली. हिला मापता येतं, चूक ठरवता येतं आणि तीन-चार वर्षांत संपवता येतं.

आपल्याकडची जमीन पुस्तकातल्या मातीसारखी नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, वर कडक कातळ, म्हणजे जांभा, ज्याचे चिरे आपण काढतो. त्याखाली मऊ, ठिपकेदार थर. त्याखाली पांढरट-पिवळी, ओली केली तर साबणासारखी निसरडी होणारी माती, जिला इंग्रजी पुस्तकं लिथोमार्ज म्हणतात. आणि मग कुजलेला आणि शेवटी घट्ट बेसॉल्ट. कुडाळ-सावंतवाडीकडे उतरलात की तळाचा खडक बदलतो, तेव्हा रत्नागिरीचे निष्कर्ष तिकडे जसेच्या तसे नेऊ नका. वरच्या कातळाला भेगा आणि भोकं असतात, पावसाचं पाणी त्यातून झरझर खाली जातं आणि या निसरड्या थरावर अडतं. या मातीने कोकण रेल्वेलाही रडवलं. कठीण बेसॉल्टमधले बोगदे झाले, पण गोव्यातला पेडण्याचा बोगदा मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतून काढताना वर्षं गेली, माणसं गेली, आणि रोहा ते मंगळूर सलग गाडी सुरू व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला.

कोरडी असताना हीच माती उभी कापली तरी उभी राहते. कणांमधल्या पाण्याच्या ताणामुळे, म्हणजे सक्शनमुळे, तिला जास्तीची ताकद मिळते. पाणी मुरलं की ताण जातो आणि ताकदही जाते. उन्हाळ्यात नमुना काढून, प्रयोगशाळेत ट्रायअॅक्सियल, म्हणजे सगळीकडून दाबून ताकद मोजायची चाचणी, करून, त्या आकड्यावर उताराचा सुरक्षा गुणांक काढला तर डोंगर कधीच पडणार नाही असं उत्तर येतं. म्हणून असंपृक्त मृदा यांत्रिकी घ्या म्हटलं.

माझ्या प्रबंधातलं जे प्रकरण परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ उलटंसुलटं विचारलं, ते मी ठरवलेलंच नव्हतं. एकाच खड्ड्यातली माती मे महिन्यात आणि जुलैत आणली होती. मेच्या खेपेची लिक्विड लिमिट, म्हणजे किती पाण्याला माती वाहू लागते ते प्रमाण, बरीच वर, जुलैच्या खेपेची कितीतरी खाली. मी आधी ती मोजायचं कॅसाग्रँडीचं उपकरण तपासलं, कपाची उंची पुन्हा लावली, पंचवीस ठोके स्वतः मोजले. फरक तसाच. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं, माती कशी सुकवली? ते म्हणाले, “सर, मेमध्ये पत्र्यावर पसरली होती. आता या पावसात माती सुकतेय कुठं? ओव्हनला टाकली, एकशे पाचला.”

मला आधी राग आला. मग रात्री वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की मामांनी मला विषय दिला आहे. जांभ्याच्या कुळातल्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. ती तापवून सुकवली की बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे दाणे होतात, काही चिकणखनिजांमधलं पाणी एकदा गेलं की परत येत नाही, आणि चिकणमाती गाळमातीसारखी वागू लागते. परत पाणी घातलं तरी ती मूळची होत नाही. म्हणजे पावसाळ्यात कोणी सवयीने ओव्हन वापरून अहवाल दिला तर त्या अहवालातली माती डोंगरात अस्तित्वातच नसते. त्यानंतर मी प्रत्येक नमुना तीन तऱ्हांनी तपासला : खड्ड्यातून आला तसा ओला, हवेत सुकवलेला, आणि ओव्हनमधला. मामांचं नाव आभारांत पहिलं आहे. तुम्ही नमुना खड्ड्यातून काढल्या क्षणी पिशवीवर ओलावा टिकवायची खूण करा आणि प्रयोगशाळेत लेखी चिठ्ठी लावा, ‘सुकवू नये’.

न हललेला नमुना काढायचा तर नळी ठोकू नका, या मातीत कठीण दाणे असतात, कडा फाटतात. खड्ड्याच्या भिंतीत एक फुटाचा घन मोकळा करा, करवतीने आणि सुरीने हळूहळू तासा, मलमलीचं कापड गुंडाळा, वितळलेलं मेण लावा, पुन्हा कापड, पुन्हा मेण. लाकडी खोक्यात खाली-वर भाताचा पेंढा. माझा पहिला ठोकळा एस.टी.च्या मागच्या सीटवर ठेवला आणि एका खड्ड्यात तो उभा चिरला. त्यानंतरचे सगळे मांडीवर आणले. एक फुटाचा घन पन्नास किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे नंतर ठोकळेच लहान केले. प्रयोगशाळा लांब असू नये असं वर म्हटलं ते यासाठी.

आता जे कुठल्याही नियमपुस्तकात नाही आणि आपल्याला सर्वांत जास्त नडतं ते सांगतो. कोकणात प्रत्यक्ष जागेवरचं संशोधन वर्षांत मोजू नका, पावसाळ्यांत मोजा. किमान मुदत तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे. पहिला कोर्सवर्कच्या परीक्षांत जातो. उरले दोन. एकात तुम्ही नोंदी घेता, दुसऱ्यात त्या नोंदींवरून बांधलेला अंदाज खरा ठरतो का ते पाहता. त्यातला एखादा पावसाळा कमी पडला किंवा उपकरण बंद पडलं, तर वर्ष गेलं. मार्चमध्ये बिघडलेली मोटार एप्रिलमध्ये दुरुस्त होते, पण हुकलेला जुलै पुढच्या जुलैतच मिळतो. माझा दुसरा पावसाळा असाच गेला. उपकरणांच्या खरेदीची फाईल मार्चपासून एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिली, मी दर आठवड्याला जाऊन विचारत होतो, आणि मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा गणपती दोन दिवसांवर होते. त्या वर्षी जुलैत माझ्याच जागेवर उताराचा एक तुकडा घसरला आणि माझ्याकडे त्या रात्रीची एकही नोंद नव्हती. त्याची हळहळ आजही आहे. तुम्ही अगदी साधी उपकरणं स्वतःच्या पैशाने घ्या आणि मंजुरीची महागडी उपकरणं मिळतील तेव्हा मिळोत.

तुमच्याजागी दुसऱ्या शाखेचं कोणी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. स्ट्रक्चरवाल्यांना आपला किनारा म्हणजे तयार प्रयोगशाळा आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खाऱ्या तुषारांच्या टप्प्यातलं काँक्रीट ‘अतितीव्र’ वर्गात येतं, किमान एम ३५ आणि ५० मिलिमीटर आवरण. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं ‘पराकोटीच्या’ वर्गात, एम ४० आणि ७५ मिलिमीटर. प्रत्यक्षात कुठल्याही जुन्या जेट्टीच्या खांबाला हात लावून पाहा, गंजलेली सळई बाहेर डोकावत असते. क्लोराइड किती वर्षांत किती आत जातं हे आपल्या वाळूच्या, आपल्या खडीच्या काँक्रीटवर मोजायला हवं. पाणीवाल्यांना याहून मोठा प्रश्न : तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर. खाजणाचे बंधारे, किनाऱ्याची धूप, जांभ्याच्या चिऱ्याची ओली ताकद, विषयांना तोटा नाही. अट एकच, मोजण्याची जागा घरापासून तासाभरात हवी. जुलैत रस्ता बंद झाला तरी तिथे पोचता आलं पाहिजे.

पेपरचं विचारलंत. आधीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ मध्ये यूजीसीने ती सक्ती काढली. तरी अनेक विद्यापीठांनी आपापल्या अध्यादेशात अट ठेवली आहे, तेव्हा नोंदणी कराल त्या विद्यापीठाचा अध्यादेश मिळवून वाचा. अट नसली तरी एक चांगला पेपर कराच, कारण अनोळखी परीक्षकाची चिकित्सा प्रबंध देण्याआधी एकदा अंगावर घेतलेली बरी. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळू नका. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता पूर्ण तुमची आणि गाईडची आहे. तुम्ही ज्यांचे पेपर वाचून शिकलात, ते लोक कुठे छापतात ते पाहा, तिथेच पाठवा. वर्ष लागेल, लागू दे.

दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. या बैठकीला फक्त चांगले आलेख घेऊन जाणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यांचं नुकसान होतं. जमत नसलेली गोष्ट तिथे मांडा. समितीतल्या कोणाला तरी ती आधी नडलेली असते. शेवटी सर्वांसमोर प्रबंधपूर्व सादरीकरण, मग साहित्यचौर्याची तपासणी. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. नोंदवही स्वतःची असेल तर हा आकडा बघायची वेळ येत नाही. प्रबंध गाईडखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, अहवाल अनुकूल आले की तोंडी परीक्षा. दिल्यापासून सहा महिन्यांत हे सगळं पूर्ण व्हावं असा नियम आहे.

पदवीने काय मिळेल याची स्पष्ट कल्पना असू द्या. अभियांत्रिकी पदवी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) नियमांत पीएच.डी. लागतेच, सोबत आठ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन पीएच.डी.नंतरची, आणि सहा शोधनिबंध. सल्लागार म्हणून उतारांची कामं करायची असतील तर पीएच.डी.तला अनुभव आयुष्यभर पुरतो. पण साइटवर काम करणाऱ्याने किंवा ठेकेदारी करणाऱ्याने निव्वळ नावामागे डॉक्टर लागावं म्हणून यात पडू नये, कारण ती पाच-सहा वर्षं घरच्यांचीही जातात. तुमच्याबद्दल मला ती शंका नाही. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, ‘घाटातून जाताना दर वेळी वर बघते.’ त्या ओळीमुळेच एवढं लिहिलं.

आता नोंदणीची वाट न बघता करायचं काम. नोंदणी पुढच्या वर्षी होवो, उतारातल्या पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या, म्हणजे स्टँडपाइप, या वर्षी बसवा. कॉलेजच्या आवारात किंवा ओळखीच्या कोणाच्या जागेत जांभ्याचा उतार असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. दोन साध्या स्टँडपाइप पुरेत : पीव्हीसीची नळी, खालच्या फूट-दीड फुटाला बारीक भोकं, त्यावर नायलॉनची जाळी, भोवती वाळू, वाळूच्या वर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगून वाट बुजवणारी चिकणमाती) जाड थर, मग माती, तोंडाला टोपण. शेजारी पर्जन्यमापक. त्याची नोंद सकाळी साडेआठलाच घ्या, हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला बदलतो, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. बेंटोनाइटमध्ये कंजुषी करू नका. माझ्या पहिल्या नळीला थर पातळ झाला होता, जमिनीवरचं पाणी नळीच्या अंगाने सरळ खाली उतरत होतं, आणि मी महिनाभर ते डोंगरातलं पाणी समजून लिहीत होतो. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नळ्या बसल्या पाहिजेत. मग वळवाची एखादी सर आली की छत्री घेऊन तिथे जाऊन उभ्या राहा. तासाभरात नळीत पाणी चढलं तर थर गळतोय असं समजा आणि तो उकरून पुन्हा भरा. मृगाला अजून महिना असेल, तेवढा वेळ पुरतो.